अठराव्या वर्षी समुद्रापार



आपल्या जालना जिल्ह्यापासून समुद्र फार लांब. पूर्णा, दुधना आणि दक्षिणेची गोदावरी हेच आपले मोठे पाणी. तरीही आज समुद्रप्रवासाची एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती एका धीट मुलीची आहे आणि आपल्या घरातल्या लेकींशी तिचे जवळचे नाते आहे.

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी 1968 साली प्रसिद्ध झाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यावरची ही कादंबरी गावच्या ग्रंथालयात मिळाली तर जरूर घरी आणा. जेवणे उरकल्यावर एकाने मोठ्याने वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी, अशी ती आहे. कादंबरीतले संवाद लेखकाने रचलेले असतात, हे ध्यानात ठेवावे. पण आनंदीबाईंची पत्रे आणि त्यांची जुनी चरित्रे आज उपलब्ध आहेत. त्यामुळे मुख्य हकीकत पक्की आहे. ती अशी.

कोवळ्या वयातला संसार

31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी हे टपाल खात्यात कारकून, बिजवर आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट. त्या काळी असा नवरा विरळाच. पण त्यांचा स्वभाव तापट होता. लहान वयात आपल्याला मारहाण झाल्याचे आनंदीने पुढे अमेरिकेतून त्यांनाच पत्रात लिहून कळवले. शिक्षणाचे श्रेय गोपाळरावांना जरूर द्यावे, पण छडीचे कौतुक करू नये.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांना बाईमाणूस डॉक्टर मिळाला पाहिजे, आणि ती डॉक्टर आपण व्हायचे, हा विचार या दुःखातून पुढे तिच्या मनात घट्ट झाला.

आपण मोसंबीच्या कोवळ्या झाडावर पहिली काही वर्षे बहार धरत नाही. झाड आधी भरू देतो. फळाच्या घाईने झाड खचते हे आपल्याला बागेत कळते. लेकीच्या बाबतीत ते का कळू नये?

सहा प्रश्नांना उत्तरे

गोपाळरावांनी मदतीसाठी अमेरिकेला पाठवलेले पत्र तिकडच्या एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या श्रीमती कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे थांबल्या असताना त्यांच्या हाती ते मासिक पडले. त्यांनी आनंदीला पत्र लिहिले आणि आपल्या घराचा आसरा देऊ केला.

पण समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी तेव्हा समजूत होती. जोशी कुटुंब त्या वेळी बंगालमध्ये श्रीरामपूरला होते. तिथे 24 फेब्रुवारी 1883 रोजी आनंदीने भरसभेत इंग्रजीतून भाषण केले. लोक विचारत होते ते सहा प्रश्न तिने एकेक करून घेतले. अमेरिकेलाच का? इथे शिकता येत नाही का? एकटी का? जात वाळीत टाकेल त्याचे काय? वाटेत संकट आले तर? आणि आजवर कोणत्याही बाईने केले नाही ते तूच का करतेस? तिने प्रत्येकाचे उत्तर शांतपणे दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा तिचा निर्धार होता.

दोन महिने पाण्यावर

7 एप्रिल 1883 रोजी ती कलकत्त्याहून जहाजावर चढली. अठरावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम एक आठवडा झाला होता. बरोबर नवरा नाही, नात्याचे कोणी नाही, सोबतीला फक्त ओळखीच्या परदेशी बायका. सुएझचा कालवा 1869 साली खुला झाला होता, म्हणून आफ्रिकेला वळसा घालावा लागत नसे. तरी इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कला पोचायला 4 जून उजाडला.

कथेत समुद्र म्हटला की वादळ आणि चाचे आठवतात. आनंदीचा झगडा वेगळा होता. शाकाहारी मुलीला जहाजावर बटाट्यांखेरीज खाण्याजोगे फारसे मिळेना. प्रकृती बिघडली. धर्म बदल म्हणून सोबतच्या बायका मागे लागल्या. तिने कोणाशी भांडण केले नाही आणि आपला निश्चयही सोडला नाही.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून 11 मार्च 1886 रोजी ती डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातल्या स्त्री विभागाची जागा तिच्यासाठी ठरली होती. पण क्षयाने तिला ग्रासले होते. त्याच वर्षाअखेर ती मायदेशी परतली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात तिचे निधन झाले. वय बाविसाच्या आत. डॉक्टर म्हणून काम करणे तिच्या नशिबी नव्हते. मात्र तिने पाडलेली वाट मोडली नाही.

मुलींचा समुद्रही पुढे मोकळा झाला. 10 सप्टेंबर 2017 रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' नावाच्या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि जगाची प्रदक्षिणा करून 21 मे 2018 रोजी परतल्या. नौकेवर पुरुष एकही नव्हता.

आपल्या घरी काय?

आता आपल्याकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापाची काळजी खरी आहे. त्यातच नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि जोडीला उचल मिळते. मग सोयरीक घाईने जुळते आणि पोरीची शाळा सुटते. ही अडचण नुसत्या उपदेशाने सुटणार नाही. म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, मुलीला मागे ठेवायचे असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे निघण्याआधीच शाळेत विचारा. दुसरी, अठरा पूर्ण होण्याआधी मुलीचे लग्न लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. असे लग्न ठरत असल्याचे कळले तर 1098 या क्रमांकावर कळवा. तिसरी, ही कादंबरी मुलीला एकटीला वाचायला देऊ नका. बापाने, भावाने आणि आजीनेही सोबत बसून ऐकावी. मुलीला धीर असतोच. तिला दार उघडून देणारे माणूस घरात लागते.

ज्या वयात आज कायदा लग्नाला नुसती परवानगी देतो, त्या वयात आनंदी शिक्षणासाठी जहाजावर चढली. आपल्या लेकीला समुद्र ओलांडायचा नाही. तिला गावापासून तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत जायचे आहे. तेवढी वाट आपण तिला मोकळी करून देऊ या.