मुक्तागिरी : वऱ्हाडच्या सपाटीवरून सातपुड्याच्या कुशीत

पूर्णेच्या खोऱ्यातील भूमी सपाट आहे. भातकुली, दर्यापूर या भागात खारपाणपट्टा पसरलेला. विहिरीचे पाणी मचूळ, माती काळीभोर आणि दृष्टी पोहोचेल तिथवर कपाशी, तूर, हरभरा. अशा या भूमीत भगवान आदिनाथांचे अतिशय क्षेत्र भातकुली वसलेले आहे. अमरावतीपासून सुमारे सोळा किलोमीटरवरील या गावाचे नाते परंपरा रुक्मिणीचा बंधू रुक्मी याच्या भोजकट नगरीशी जोडते. येथे मूलनायकांचे दर्शन घेऊन अनेक श्रावक कुटुंबे उत्तरेची वाट धरतात. अमरावती मागे पडते, परतवाडा जवळ येतो आणि क्षितिजावर सातपुड्याची निळी रेघ उमटते. त्या रेघेच्या एका घडीत सिद्धक्षेत्र मुक्तागिरी आहे.

ही वाट आजची नाही. अचलपूरजवळच्या चम्मक येथे वाकाटक सम्राट दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट सापडला. त्यात दान दिलेले गाव ‘भोजकट राज्यात’ असल्याचे म्हटले आहे. म्हणजे ज्या भोजकटाचे नाव भातकुलीशी जोडले जाते, त्याच नावाचा प्रदेश तेव्हा थेट या डोंगरपायथ्यापर्यंत पसरलेला होता.

अचलपूरची विद्या

मुक्तागिरीचा इतिहास अचलपूरला वगळून सांगता येत नाही. प्राकृत निर्वाणकांडात या क्षेत्राचा पत्ताच अचलपूरच्या आधारे दिला आहे : त्या श्रेष्ठ नगराच्या ईशान्येस मेढगिरीच्या शिखरावर साडेतीन कोटी मुनींनी निर्वाणपद प्राप्त केले, असे ती परंपरा सांगते. पुढे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात या एका नगरासाठी स्वतंत्र सूत्र लिहिले. ‘अचलपूर’ या शब्दातील च आणि ल यांची अदलाबदल होऊन ‘अलचपूर’ असे रूप होते, हे त्यांनी नोंदवले. गुजरातेत बसलेल्या व्याकरणकारास वऱ्हाडातील एका गावाच्या उच्चाराची दखल घ्यावीशी वाटली, यावरून त्या नगराचे महत्त्व ध्यानी यावे. इंग्रजी अमदानीतले ‘एलिचपूर’ हे त्याच उच्चाराचे वंशज होय.

त्याहून आपल्या अधिक जवळची कथा कवी हरिषेणाची आहे. धक्कड कुळातील हा श्रावक मूळचा चित्तोडचा. स्वतःच्या कामानिमित्त तो अचलपुरास आला, येथे त्याने छंद आणि अलंकार यांचे अध्ययन केले आणि विक्रम संवत १०४४ मध्ये, म्हणजे इ. स. ९८८ च्या सुमारास, ‘धम्मपरिक्खा’ हा अपभ्रंश भाषेतील ग्रंथ सिद्ध केला. कामाधंद्यासाठी परगावी जाणे आपल्या घराघरांत आहे. तेथून परतताना मालाबरोबर विद्याही पदरात पाडून घेणारा हा हजार वर्षांपूर्वीचा पुरुष म्हणूनच आपलासा वाटतो.

दगडातील साधना

खरपी गावावरून आत वळले की रस्ता सागाच्या रानात शिरतो. परतवाड्यापासून हे अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. धर्मशाळा पायथ्याशी आहे. तेथून पायऱ्यांची वाट चढू लागते. डोंगराच्या अर्धवर्तुळाकार कड्याभोवती, कुठे एकेकटी, कुठे दाटीने, बावन्न मंदिरे उभी आहेत. दुरून पाहता हिरव्या रानात शुभ्र शिखरे आणि घुमट विखुरलेले दिसतात.

ही सर्व मंदिरे एका काळातील नाहीत, आणि त्यांतच पाहणाऱ्याचा खरा लाभ आहे. दहाव्या क्रमांकाचे मेंढागिरी मंदिर डोंगराचा दगड कोरून केलेले असून अत्यंत प्राचीन आहे; त्याचे स्तंभ आणि छत पाहताना मान वर करून काही काळ थांबावे लागते. पुढील शतकांतील अनेक मंदिरांवर मात्र घुमट आहेत. अचलपूर ही इमादशाही वऱ्हाडची राजधानी होती. तेथील गवंड्यांच्या हातात जी घडण बसली होती, तीच जिनमंदिरांच्या माथ्यावरही आली, असे मानण्यास जागा आहे. सव्विसाव्या क्रमांकाच्या मंदिरातील फणाधारी पार्श्वनाथांसमोर भाविकांची गर्दी सर्वाधिक असते.

क्षेत्राच्या नावामागची कथा बालगोपाळांस आवर्जून सांगावी. ध्यानस्थ मुनिराजांसमोर कड्यावरून एक मेंढा कोसळला. मुनींनी त्या मरणोन्मुख जीवाच्या कानी णमोकार मंत्र ऐकवला आणि तो देवगतीस गेला, अशी श्रद्धा आहे. ‘मेंढागिरी’ हे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. एका पर्वताला राजाचे वा सेनापतीचे नाव न मिळता एका मुक्या प्राण्याचे नाव मिळावे, ही गोष्ट लहानग्यांच्या मनात दीर्घकाळ राहते.

धबधबा आणि ईर्यासमिती

मंदिरांच्या मधोमध कड्यावरून धबधबा कोसळतो. उन्हाळ्यात तो आटतो. आषाढ-श्रावणात मात्र त्याचा नाद सर्व मंदिरांत भरून राहतो. सहलीस येणारे बहुसंख्य लोक म्हणूनच पावसाळा निवडतात.

येथे श्रावकाने थोडा विचार करावा. डोळ्यांस जो काळ सर्वांत सुखद, तोच जीवोत्पत्तीचाही काळ आहे. साधुसाध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, त्याचे कारण हेच. गृहस्थाने जाऊच नये असे नव्हे. पण पायरी सोडून गवतात उतरू नये, ओल्या दगडावरील किडा-मुंगी पाहून पाऊल टाकावे, छायाचित्रासाठी शेवाळलेल्या कड्यापाशी जाऊ नये. ईर्यासमितीचा पाठ पुस्तकातून शिकवण्यापेक्षा या पायऱ्यांवर लवकर शिकता येतो. मुलांस अनवाणी, हळू आणि मौनाने चढू द्यावे. ज्यांना धबधब्याचे पाणी पाहायचे आहे, पण वर्दळ नको, त्यांनी पाऊस ओसरल्यावर आश्विन-कार्तिकात यावे. रान तेव्हाही हिरवे असते. चढण सकाळी करावी आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनास पायथ्याशी यावे.

एक दिवस हाती असेल तर परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास जाता येते. सुमारे अकराशे मीटर उंचीवरील या गावाजवळ गाविलगड आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. आज तटबंदी ढासळली आहे, तोफा मुक्या आहेत आणि भोवती मेळघाटचे व्याघ्ररान आहे.

विकत घेतलेला डोंगर

गाविलगड सैन्याला राखता आला नाही. मुक्तागिरी मात्र राखला गेला, आणि तो एका व्यापाऱ्याच्या निर्णयाने. इंग्रजी राजवटीत हा डोंगर खापर्डे यांच्या मालगुजारीत होता. शिकारी बंदुका घेऊन, पायांत जोडे घालून मंदिरांपर्यंत जात. ज्या स्थानाचे नाव एका जीवाच्या सद्गतीवरून पडले, तेथेच जीव मारले जात होते. तेव्हा नत्थुसा पासुसा कळमकर यांनी १९२३ साली हे क्षेत्र विकत घेतले, असे क्षेत्राचा इतिहास सांगतो. त्यांनी उपोषण केले नाही, मारामारी केली नाही, खरेदीखत केले. व्यापाऱ्याला जे साधन उत्तम वापरता येते, तेच त्यांनी धर्मरक्षणास वापरले.

पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघाला. अचलपूर आज महाराष्ट्रात, तर मुक्तागिरी मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात आहे. भक्तांच्या पावलांना ती सीमा जाणवत नाही.

मात्र त्या खरेदीचा हप्ता अजून फिटलेला नाही. तो प्रत्येक पिढीने भरायचा आहे. देणगी देताना चकचकीत लाद्या आणि रंग यांपेक्षा जुन्या कोरीव कामाची जाणकारांकडून डागडुजी व्हावी, असा आग्रह धरावा; कारण एकदा रंगाखाली गेलेली रेषा पुन्हा मिळत नाही. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुड्या वर नेऊ नयेत. नेल्या तर परत आणाव्यात. दर्शन आटोपून तासाभरात गाडीत बसण्याऐवजी एक मुक्काम करावा, एखाद्या मंदिरासमोर मुलांना त्याची घडण दाखवावी, मेंढ्याची आणि खरेदीखताची अशा दोन्ही कथा सांगाव्यात. पुढच्या हंगामात भातकुलीच्या आदिनाथांचे दर्शन ठरवाल, तेव्हा उत्तरेकडील या वाटेसाठी दोन दिवस अधिक राखून ठेवावेत, ही विनंती.