गड्ड्याची शिदोरी

या बाळांनो, ओट्यावर सावलीला बसा. त्या कोपऱ्यातल्या कुंडीची गोष्ट सांगतो.

आपल्या केनवडचं वैशाखातलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी अंगणात अनवाणी पाय ठेववत नाही. तशाच उन्हात तुमच्या ताईनं घरातलं झेडझेडचं झाड बाहेर नेऊन ठेवलं. बिचाऱ्याला थोडं ऊन मिळू दे, म्हणाली. दोन दिवसांत पानांवर पांढुरके डाग पडले, कागदासारखे कुरकुरीत. मी चष्मा लावून पाहिलं. जिथं एका पानाची सावली दुसऱ्यावर पडली होती, तिथं तेवढाच ठसा हिरवागार होता. मग ओळखलं, हा रोग नव्हे, हे उन्हानं भाजणं.

पान म्हणजे उजेडावर चालणारी चूल. सावलीत वाढलेलं पान मंद उजेड वेचण्यात तरबेज असतं. त्याला एकदम कडक उन्हात नेलं, की पेलवेल त्याहून जास्त उजेड आत शिरतो. वापराविना उरलेली ती ऊर्जा हरितद्रव्याचाच नाश करते, पेशी मरतात. आपलं खरचटलेलं बोट भरून येतं. पानाचा मेलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही.

"आबा, मेलं का हो झाड?" ताई रडवेली झाली.

मी बोटानं माती सारली. खाली बटाट्यासारखा गड्डा होता, दाबून पाहिला तर टणक! हे झाड मूळचं पूर्व आफ्रिकेकडचं. तिथं लांबलचक कोरडे महिने काढायचे, म्हणून त्यानं आपलं खोडच जमिनीखाली नेलं आणि त्यात पाणी साठवलं. वर जी फांदी दिसते ना, ते खरं तर एक अख्खं पान आहे! आपल्या हळदीचंही खोड असंच जमिनीखाली. पाला वाळला म्हणून शेतकरी हळहळत नाही. जमिनीखाली गड्डे भरलेत, हे तो जाणतो.

मग आम्ही कुंडी आत आणली, उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशा जागी. पार वाळलेलं तेवढंच कापलं आणि हात धुतले, कारण त्याचा चीक खाजरा. अर्धवट हिरवी पानं राहू दिली. जेवढं हिरवं, तेवढी चूल पेटती. खत दिलं नाही. ताई रोज पाणी घालायला निघाली, तिला थांबवलं. पानं कमी झाली, की झाडाची तहानही कमी होते. ओल्या मातीत गड्डा सडतो. माती खालपर्यंत सुकली, की मगच पाणी.

श्रावणात एका सकाळी मातीतून हिरवी, टोकदार सुरळी वर आली. तिकडे, गळालेलं एक छोटं हिरवं पान ताईनं वेगळ्या मातीत खोचलं होतं. दिवाळीनंतर उकरून पाहिलं, तर त्याच्या बुडाशी हरभऱ्याएवढा गड्डा!

तेव्हा बाळांनो, असं झाड भाजलं तर टाकू नका, पाणीही ओतू नका. आधी मातीत बोट घाला. गड्डा टणक लागला, तर झाड जिवंत आहे.