पडदा पडला आणि उठलाही

मे १९५४मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ६६ वर्षांच्या एका बाईंच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली. त्याआधी त्यांना ३३ झटके येऊन गेले होते. उजवं अंग लुळं पडायचं, बोलणं अडायचं, डाव्या डोळ्यापुढे अंधार यायचा आणि थोड्या वेळात सगळं पूर्ववत. अंग उजवं, मग डोळा डावा कसा? मानेतली डावी कॅरोटिड धमनी डाव्या मेंदूला रक्त पुरवते आणि उजवं अंग त्याच्याच ताब्यात असतं. डाव्या डोळ्याला रक्त नेणारी शाखाही याच धमनीला फुटते. ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब या डॉक्टरांनी धमनीचा अरुंद झालेला तुकडा कापून टोकं जोडली. झटके थांबले.

धमनीतल्या चरबीच्या थरावरून सुटलेली गुठळी डोळ्याकडे वळते की मेंदूकडे, हा योगायोग. डोळ्यात गेली तर एका डोळ्यावर पडदा उतरतो, बहुधा न दुखता. गुठळी पुढे सरकली की काही मिनिटांत पडदा उठतो. मग ‘चक्कर आली असेल’, नाहीतर ‘मोतीबिंदू असेल’. पण मोतीबिंदू महिनोन्‌महिने वाढतो; चहा संपायच्या आत येऊन जात नाही. मला तर परत आलेली नजरच जास्त घातक वाटते, ती माणसाला डॉक्टरकडे जाऊ देत नाही. आणि अर्धांगाचा धोका सर्वांत जास्त असतो तो नेमका पुढच्या काही दिवसांत.

पडदा उठलाच नाही तर? अमेरिकेत काम केलेले भारतीय वंशाचे नेत्रतज्ज्ञ सोहन सिंग हयरे यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दृष्टिपटलाने रक्ताविना साधारण ९७ मिनिटं तग धरला. चार तासांनी ते कायमचं निकामी झालेलं होतं.

कधी गुठळी मेंदूच्या मागच्या भागात अडकते. मग दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी नजर जाते, पण आजोबा सांगतात, ‘डावा डोळा गेला.’ ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते आणि घरचे चष्म्याचा नंबर तपासायला नेतात. एकेक डोळा झाकून बघायला सांगा. कुठलाही झाकला तरी डावीकडचं दिसत नसेल, तर दोष बहुधा मेंदूत आहे.

अर्धी नजर जावो वा एक डोळा, गाठायचं ते सीटी स्कॅन असलेलं, स्ट्रोकवर उपचार करणारं रुग्णालय. नजर किती वाजता गेली, हे लक्षात ठेवून जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, त्यामुळे डॉक्टर आधी तेच विचारतात.