चिनी परंपरेतील ग्रीष्मचर्या आणि आपला वऱ्हाडी उन्हाळा

इ.स. ६४१ च्या सुमारास चिनी भिक्खू ह्यू-एन-त्संग महाराष्ट्रात आला. येथील जमीन सुपीक, हवा उष्ण आणि माणसे साधी व सरळ आहेत, असे त्याने नमूद केले. ती उष्णता आजही आपली सोबत सोडत नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालील भागात तर मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढेच असतो. ज्या देशातून हा प्रवासी आला, त्या देशाने उन्हाळ्याविषयी काय विचार केला होता, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेला ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ होय. यिन म्हणजे शीत, शांत तत्त्व आणि यांग म्हणजे उष्ण, क्रियाशील तत्त्व. या दोहोंचा समतोल म्हणजे आरोग्य, अशी त्यातील धारणा आहे. उन्हाळा हा यांगच्या भराचा काळ. त्याचे तत्त्व अग्नी, अवयव हृदय आणि रस कडू मानला जातो. म्हणून या ऋतूत पहाटे लवकर उठावे, राग आवरावा, घाम मोकळेपणाने येऊ द्यावा, असे तो ग्रंथ सांगतो. लोकव्यवहारात दुपारची वामकुक्षी, मुगाचे पातळ कढण, टरबूज, काकडी आणि कारले यांना महत्त्व आले. बर्फासारखे थंड पेय मात्र वर्ज्य मानून कोमट पाणी पिण्याचा प्रघात पडला.

इ.स. ६७१ मध्ये भारताकडे निघालेला इत्सिंग हा भिक्खू नालंदा येथे सुमारे दहा वर्षे राहिला. विहारातील आरोग्याचे नियम त्याने बारकाईने लिहून ठेवले. पिण्याचे पाणी गाळून घ्यावे. ते मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ठेवावे आणि शौचाच्या पाण्याचे भांडे वेगळे असावे, असा तेथे दंडक होता. येथे भांड्यांचा भेद त्यांच्या वापरावरून होता, पिणाऱ्याच्या जन्मावरून नव्हे, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी.

परंतु परंपरा जुनी आहे एवढ्यावरून ती स्वीकारू नये, ही कालामांना दिलेली शिकवण येथेही लागू होते. यिन-यांग वा अग्नितत्त्व यांना आधुनिक शरीरशास्त्राचा आधार नाही. मात्र दुपारी सावलीत राहणे आणि पाणीदार फळे खाणे यांमागे प्रत्यक्ष अनुभव आहे. आपले कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील आणि मीठ घातलेले ताक हे त्याच अनुभवाचे वऱ्हाडी रूप होय. उलट, खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही आपल्याकडील समजूत तपासणीत टिकत नाही.

थंड पाण्याचा धसका तर जिवावर बेतू शकतो. उन्हाने तापलेल्या माणसावर एकदम थंड पाणी घालू नये, असे आपल्याकडेही अनेक जण सांगतात. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक होते. रुग्ण बरळतो किंवा बेशुद्ध पडतो. अशा वेळी त्याला सावलीत न्यावे, अंगावर थंड पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. केवळ थकवा व तहान असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे.

दुपारी विसावा घ्या, हा सल्ला चिनी ग्रंथाने द्यावा की डॉक्टरांनी, तो ऐकणे सर्वांच्या हाती नसते. वीटभट्टीवरचा, रस्त्याच्या कामावरचा, शेतातला मजूर विसावला तर त्याची मजुरी बुडते. म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे सुरू होऊन दुपारी थांबावे, कामाच्या जागी सावली आणि पिण्याचे पाणी असावे, याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज शेतमालक, कंत्राटदार आणि अधिकारी आहेत. येत्या उन्हाळ्यात आपल्या कामावरच्या माणसांना दुपारची सावली आणि भरलेला माठ मिळेल, एवढे त्यांनी पाहावे.