झोपेत गेलेली मुलं आणि त्यांच्या नावाचा निधी

‘फीट येते आणि जाते, तिनं कुणी मरत नाही.’ अपस्मार असलेल्या मुलाच्या आईवडिलांना हा दिलासा सगळेच देतात. तो पूर्ण खरा नाही. अमेरिकी अभिनेता कॅमेरॉन बॉइस ६ जुलै २०१९ रोजी लॉस एंजेलिसच्या घरी झोपेतच गेला. वय अवघं २० वर्षं. अपस्मारातल्या अशा आकस्मिक मृत्यूला डॉक्टर ‘सुडेप’ म्हणतात. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांमध्ये वर्षाला साधारण एक, तर दर साडेचार हजार मुलांमध्ये एक जण असा दगावतो. धोका थोडा आहे, पण घरच्यांना तो माहीत असायलाच हवा.

‘जीभ गिळली असेल’, ‘वेळेवर कांदा किंवा चप्पल हुंगवायला हवी होती’, असं मूल गमावलेल्या आईलाही ऐकवलं जातं. हे क्रूर आहे आणि चूकही. जीभ गिळली जात नाही, वासानं फीट थांबत नाही. रुग्णालयात निरीक्षणाखाली असताना झालेल्या सुडेप मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांगाची मोठी फीट ओसरल्यावर काही मिनिटांतच आधी श्वास आणि मग हृदय बंद पडल्याचं त्यात दिसलं. बहुतेक मृत्यू रात्रीचे होते. काही जणांच्याच बाबतीत असं का घडतं, याचं पुरतं उत्तर अजून विज्ञानाकडे नाही.

म्हणूनच ‘देणग्या गोळा करून गेलेलं लेकरू परत येणार आहे का?’ हा प्रश्न मला पटत नाही. ‘संशोधन सरकार करेल’ हेही अर्धसत्य आहे. सरकारी अनुदान मागताना प्राथमिक पुरावा दाखवावा लागतो. नवख्या संशोधकाकडे तो जमवण्यापुरतेही पैसे नसतात. १९९८ मध्ये शिकागोत अपस्मारग्रस्त मुलांच्या पालकांनी उभी केलेली ‘क्युअर एपिलेप्सी’ नेमकी अशांना मदत करते. कॅमेरॉनच्या आईवडिलांनी त्याच्या नावानं फाउंडेशन सुरू केलं आहे. ‘क्युअर एपिलेप्सी’बरोबर ते तरुण संशोधकांना अनुदानही देतं.

आपल्याकडे गेलेल्यांच्या नावानं अन्नदान होतं, शिष्यवृत्त्या दिल्या जातात. १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन. त्या दिवशी अपस्माराच्या संशोधनासाठीही काही बाजूला काढा. आणि घरात कुणाला फीट येत असेल, तर गोळी चुकवू देऊ नका. सुडेपबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.