चेहरा कधी दाखवायचा?

‘फ्रँकेन्स्टाईन’ कादंबरीत तो राक्षस जिवंत होतो त्या रात्री वीज कडाडत नाही. नोव्हेंबरातली मरगळलेली रात्र, खिडकीच्या काचांवर वाजणारा पाऊस, विझत आलेली मेणबत्ती, आणि त्या अपुऱ्या उजेडात एक निस्तेज पिवळट डोळा उघडतो. एवढंच. ठिणग्या उडवणारी यंत्रं, छतातून वर चढणारं टेबल, कुबडा मदतनीस हे सगळं 1931 च्या सिनेमानं आणलं. मेरी शेलीनं जिवंत करण्याची कृती कुठेच दिलेली नाही. उलट ती सांगणार नाही, असं व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईनच्या तोंडून तिनं वाचकाला बजावून ठेवलंय.

आता या प्रसंगाचं चित्रकथेतलं पान काढायचं आहे, असं समजा. लेखिकेनं जे मुद्दाम सांगितलं नाही, ते चित्रकारानं काढायचं की नाही?

मी चित्रकथा काढतो, त्यामुळे जुन्या गॉथिक कादंबऱ्यांची कॉमिक्स वाचताना मूळ पुस्तक शेजारी उघडं ठेवायची सवय लागली आहे. एक वहीही लागते. प्रसंग वाचला की आधी स्वतः लहान लहान चौकटींत पान मांडून बघायचं आणि मग दुसऱ्यांनी तेच कसं केलंय ते पाहायचं. असं केल्यावर कळतं की या कामात हात दुय्यम आहे. खरी परीक्षा कात्रीची, आणि कात्रीहूनही जास्त संयमाची.

कात्रीचा हिशेब सोपा आहे. कादंबरी साधारण 75 हजार शब्दांची. ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकन मालिकेचा अंक सुरुवातीला 64 पानांचा असे, पुढे तो कमी होत होत 48 पानांवर आला. पानाला सहा चौकटी आणि चौकटीत पंचवीस-तीस शब्द धरले, तर 48 पानांत सात-आठ हजार शब्द मावतात. म्हणजे दहातले नऊ शब्द गेले. त्यातले बरेच चित्रात जिरतात: आल्प्सचं वर्णन, प्रयोगशाळेची अवकळा, कोण कुठे उभं आहे ते. पण गॉथिक कादंबरीतला फार मोठा भाग असा असतो की तो चित्रात जिरतच नाही. पश्चात्ताप, संशय, वाट पाहणं, आपल्याला वेड तर लागलं नाही ना ही धास्ती. हे सगळं चौकटीच्या वरच्या पट्टीतल्या निवेदनात कोंबावं लागतं, आणि पट्ट्या वाढल्या की चित्र गुदमरतं.

‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’ अल्बर्ट कँटर यांनी 1941 साली सुरू केलं. तेव्हा नाव ‘क्लासिक कॉमिक्स’ होतं, ते 1947 मध्ये बदललं. डिसेंबर 1945 चा 26 वा अंक ‘फ्रँकेन्स्टाईन’चा. रूपांतर रूथ रोश यांचं, चित्रं रॉबर्ट वेब आणि अ‍ॅन ब्रूस्टर यांची. या मालिकेला शिक्षक आणि समीक्षक अनेक वर्षं नावं ठेवत आले: साहित्याचं पाणी केलं, मुलांना आयतं दिलं वगैरे. शेवटच्या पानावर मूळ पुस्तक वाचायची शिफारस छापलेली असे, तीही त्यांना पटत नसे. मला मात्र हा अंक नेकीचा वाटतो. रोश यांनी कथेचा सांगाडा जपला आहे, आणि त्यांचा राक्षस बोलतो. सिनेमात बोरिस कार्लोफनं नुसत्या गुरगुरण्यावर जो धाक बसवला होता, त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी स्वस्त कागदावरच्या पोरासोरांच्या अंकात त्याला त्याची वाणी परत मिळाली, ही लहान गोष्ट नाही.

मूळ कादंबरीतला राक्षस फार सुंदर बोलतो. मिल्टन, प्लुटार्क, गटे वाचून तो भाषा कमावतो आणि बर्फाळ डोंगरातल्या एका झोपडीत बसून निर्मात्याला आपली कहाणी सांगतो. ती सलग सहा प्रकरणं चालते. त्या सहा प्रकरणांत वाचकाचं जे होतं, त्यासाठीच ही कादंबरी लिहिली गेली असं मला वाटतं. वाचता वाचता आपण त्याचा चेहरा विसरतो. कानात आवाज राहतो, आणि तो माणसाचा असतो. थंडी, भूक, पहिल्यांदा ऐकलेलं पाखराचं गाणं, विस्तवानं भाजलेला हात. मग कुणीतरी त्याला पाहून किंचाळतं आणि आपल्याला धक्का बसतो, कारण आपणही विसरलेलो असतो.

चित्रकथेत हे कसं विसरायचं? तो प्रत्येक चौकटीत दिसतोच. प्रत्येक फुग्याचं शेपूट त्याच तोंडाकडे वळलेलं. माझ्या लेखी या रूपांतराची सगळी अडचण एवढ्यातच आहे. अडचण सुटते ती चित्रकार कुठे पाठ फिरवतो त्यावर.

आंधळ्या म्हाताऱ्याचाच प्रसंग घ्या. द लासी नावाचं एक परागंदा कुटुंब रानाच्या कडेला राहतं. राक्षस त्यांच्या घराला लागून असलेल्या खोपटात महिनोन्महिने लपतो. पूर्वी तिथे एक खिडकी होती, ती फळ्यांनी बुजवलेली, आणि फळीत एक बारीक फट. त्या फटीतून तो माणसं पाहतो आणि पाहून पाहून बोलायला शिकतो. चित्रकाराला याहून मोठं घबाड कोणतं हवं? चौकट म्हणजेच फट. उभी, अरुंद, कडेला लाकडाची शीर, आत चुलीचा उजेड आणि एका मुलीचा अर्धा खांदा. वहीत हे मांडून पाहिलं तेव्हा ध्यानात आलं की अशा चार-पाच चौकटी लागोपाठ ठेवल्या तर राक्षस पानावर कुठेच नसतो आणि तरी प्रत्येक रेघ त्याच्या डोळ्यांतून आलेली असते. चेहरा लपवायला पडदा लागत नाही, वाचकाला त्याच्या जागी बसवलं की झालं.

मग तो दिवस येतो. मुलं बाहेर गेलेली, म्हातारा एकटा. राक्षस दार वाजवून आत जातो. म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून तो ऐकतो आणि मायेनं बोलतो. इथे मी राक्षसाचे फक्त हात काढीन. गुडघ्यांवर घट्ट दाबलेले, मोठे, अवघडलेले. बाकी चौकट म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला. फुग्याचं शेपूट चौकटीबाहेर जाऊ द्यायचं. म्हाताऱ्याला जेवढं माहीत, तेवढंच वाचकाला. मुलं परत येतात, म्हाताऱ्याची मुलगी अ‍ॅगाथा बेशुद्ध पडते, मुलाची प्रेयसी सफी पळत सुटते, मुलगा फेलिक्स काठीनं झोडपतो. पुरा चेहरा दाखवायचा तर तो इथे, पान उलटल्यावर, आणि फेलिक्सच्या जागेवरून. तेव्हाच तो भयंकर वाटेल, आणि भयंकर वाटला याची वाचकाला लाजही वाटेल.

पान उलटणं हे चित्रकथेचं फार जुनं अस्त्र. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न, पान उलटलं की डावीकडे वर उत्तर. जन्माच्या रात्रीलाही तेच लागू पडतं. डोळा उघडल्यावर व्हिक्टर घाबरून निजायच्या खोलीत पळतो, कपड्यांनिशीच अंथरुणावर पडतो. स्वप्नात प्रेयसी एलिझाबेथला जवळ घेतो, तर ती मेलेली आई होते. दचकून उठतो, आणि चंद्राच्या उजेडात पलंगाचा पडदा वर धरून तो उभा असतो. मेरी शेलीनं पडदासुद्धा देऊन ठेवलाय! उजव्या पानाच्या तळाशी पडदा आणि त्याची कड धरलेली बोटं. इतकंच.

पण पडद्यामागून कोणता चेहरा येणार? सपाट माथा, मानेतले खिळे हा चेहरा युनिव्हर्सल स्टुडिओच्या जॅक पिअर्स या रंगभूषाकाराचा. तो लोकांच्या डोळ्यांत इतका बसला की कादंबरीतलं वर्णन कुणाच्या ध्यानात उरलं नाही. तिथे आठ फूट उंची आहे, पिवळी कातडी आहे, काळेभोर वाहते केस, मोत्यांसारखे दात, काळसर ओठ आणि पाणावलेले फिके डोळे आहेत. सुंदर अवयव निवडून जोडले आणि एकत्र आल्यावर त्यातून हे उभं राहिलं, ही व्हिक्टरची खरी शोकांतिका. नुसता कुरूप राक्षस काढला की ती हातची जाते.

बर्नी राइट्सननं तो चेहरा परत आणला. त्याच्या चित्रांसह ‘फ्रँकेन्स्टाईन’ 1983 मध्ये मार्व्हलनं छापलं. मूळ संहिता पूर्ण आणि तिच्यासोबत जवळपास पन्नास चित्रं, तेव्हा काटेकोरपणे ती चित्रकथा नव्हे. पण नंतरच्या प्रत्येक चित्रकथाकारानं ही चित्रं पाहिलेली असतात, हे त्यांच्या पानांवरून कळतं. सात वर्षं तो इतर कामांतून वेळ काढून ती करत होता. त्याचा आदर्श होता फ्रँकलिन बूथ. या बूथनं लहानपणी मासिकांतली लाकडी ठशांवरची चित्रं पेननं काढलेली आहेत असं समजून त्यांच्यासारख्या रेघा ओढायचा सराव केला होता. राइट्सनचं प्रयोगशाळेचं चित्र भिंग घेऊन पाहावं. शेकडो बाटल्या, नळ्या, चंबू, आणि प्रत्येकाच्या गोलाईवरून वळत जाणाऱ्या समांतर रेघा. राखाडी रंग कुठेच वापरलेला नाही. रेघ जाड झाली की अंधार, विरळ झाली की काच. मीही निब आणि शाईनं असं करून पाहिलं आहे. मनगट लवकर थकतं, आणि एक रेघ बहकली की शेजारच्या वीस रेघा तिची चुगली करतात. त्यानं काढलेला राक्षस लांब केसांचा, हाडांवर ताणलेल्या कातडीचा आहे, आणि पुष्कळ चित्रांत तो आपल्याकडे बघत नाही.

मधली वीसेक वर्षं अमेरिकेत या विषयावर सावटच होतं. 1954 मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेनं पिशाच्चं, मानवी लांडगे, चालती प्रेतं हे सारं बंद केलं. ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’चे प्रकाशक तिच्यात सामील झाले नाहीत. आपण पुस्तकं छापतो, कॉमिक्स नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. 1971 मध्ये नियम सैल झाले तेव्हाची सवलत मला फार बोलकी वाटते. रक्तपिशाच्चांना आणि मानवी लांडग्यांना परवानगी, पण ‘फ्रँकेन्स्टाईन’, ‘ड्रॅक्युला’ आणि पो, साकी, कॉनन डॉईल अशा शाळांतून वाचल्या जाणाऱ्या लेखकांच्या परंपरेत बसत असतील तरच. या जुन्या कादंबऱ्यांनी भीतीला प्रतिष्ठेचा परवाना मिळवून दिला. चालत्या प्रेतांमागे असा कुणी मान्यवर लेखक नव्हता, म्हणून ती दाराबाहेरच राहिली. 1973 मध्ये गॅरी फ्रेडरिक आणि माइक प्लूग यांचा ‘मॉन्स्टर ऑफ फ्रँकेन्स्टाईन’ आला, तो या उघडलेल्या दारातूनच.

जपानचा जुन्जी इतो याच्या 1994 च्या ‘फ्रँकेन्स्टाईन’ला इंग्रजी आवृत्तीनंतर 2019 मध्ये आयस्नर पुरस्कार मिळाला. दाखवायचं की झाकायचं या प्रश्नाला त्याचं उत्तर माझ्या उत्तराच्या उलट आहे, आणि तरी ते मला नाकारता येत नाही. तो दाखवतो. टाके, सुजलेलं मांस, सगळं. कादंबरीत व्हिक्टर राक्षसासाठी बायको बनवायला घेतो आणि अर्ध्यावर तिचे तुकडे करतो. इतो तिला पुरी करतो. तिनं राक्षसाकडे पाहणं त्याला हवंच होतं. मूळ पुस्तकाशी ही प्रतारणा खरी, पण ज्या भीतीनं व्हिक्टर थांबला, ती इतोनं कागदावर खरी करून दाखवली. उरलेल्या भागात मात्र तो पुष्कळ ठिकाणी शेलीच्या मागोमाग मुकाट्यानं चालतो.

‘ड्रॅक्युला’ची अडचण निराळी. 1897 ची ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी म्हणजे कागदपत्रांचं बाड आहे: रोजनिशी, पत्रं, तारा, वर्तमानपत्राची कात्रणं, जहाजाची नोंदवही, फोनोग्राफवर बोललेल्या टिपणी. काउंट ड्रॅक्युलाची स्वतःची रोजनिशी मात्र त्यात नाही. रॉय थॉमस आणि डिक जिऑर्डानो यांनी 1974 मध्ये मार्व्हलच्या काळ्या-पांढऱ्या मासिकात तिचं निष्ठावान रूपांतर क्रमशः सुरू केलं. मासिकं बंद पडली, काम अर्धवट राहिलं, आणि तीसेक वर्षांनी त्याच दोघांनी ते पुरं केलं. मधल्या काळात जिऑर्डानोचा हात बदलला होता, तरी जुनं काम संपून नवं सुरू होतं ते पान ओलांडताना ठेच लागत नाही. या कादंबरीत काही जागा चित्रकारासाठी राखून ठेवल्यासारख्या आहेत. काउंट किल्ल्याच्या भिंतीवरून डोकं खाली करून उतरतो, त्याला पानभर उंच अशी एकच चौकट पुरते. दाढीच्या आरशात तो दिसत नाही, ते तर चित्रात कादंबरीहून लवकर कळतं.

पण ही कागदपत्रं अक्षरांतून ओळखू यावी लागतात, आणि मराठीत पान करायला बसलं की खरी झटापट इथे होते. अमेरिकन कॉमिक्समधलं अक्षरलेखन बहुतेक मोठ्या लिपीत असतं. वर-खाली काही लोंबत नाही, त्यामुळे ओळी एकमेकींना खेटून बसतात. देवनागरीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. तेवढ्याच फुग्यात चार ओळींच्या तीन होतात. 1964 पासून निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे मराठी अंक ज्यांनी वाचलेत, त्यांना फुग्याच्या कडेला टेकलेली अक्षरं आठवत असतील. फुगे मुळात इंग्रजी मजकुराच्या मापाचे होते.

म्हणून मराठीत करायचं तर मजकूर आधी, चित्र नंतर. म्हाताऱ्याच्या प्रसंगाचं माझं पान सध्या याच टप्प्यावर आहे. राक्षसाचं भाषण कापत कापत दोन फुग्यांवर आणलंय, त्यातला दुसरा अजून एका ओळीनं जास्त आहे. ती ओळ काढली तर तो आंधळ्यासमोर आपल्या कुरूपतेचा उल्लेख टाळतोय हे कळत नाही. ठेवली तर हात लहान काढावे लागतात. हात मी लहान करणार नाही. ओळच दुसऱ्या चौकटीत, म्हाताऱ्याच्या मौनावर टाकून बघतो.