दूध साचलं म्हणून?

धाकटीचं अंगावरचं पिणं सुटून सहा महिने झाले असतील. आंघोळीच्या वेळी डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ हाताला लागली. दुखरी, वरची कातडी लालसर. माहेर मराठी, सासर कानडी, त्यामुळे कारणंही दोन भाषांत मिळाली. आई म्हणाली, "एकदम तोडलीस की गं, दूध साचलंय." सासूबाई म्हणाल्या, "दृष्टि आगेद," आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मी मात्र कॅन्सरच्या भीतीने रात्रभर जागी.

पहिल्या डॉक्टरांनी गळू समजून चिरा दिला. महिन्याभरात शेजारीच दुसरं तोंड फुटलं, मग तिसरं. जखम भरेना. दुसऱ्या दवाखान्यात तपासणीआधीच टीबीच्या गोळ्यांची भाषा सुरू झाली. शेवटी एका सर्जनबाईंनी जाड सुईने तुकडा काढून बायॉप्सीला पाठवला. कॅन्सर नव्हता, टीबीही नव्हता. नाव आलं 'ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस'. शरीराच्या संरक्षक पेशी स्तनात पुंजके करून बसतात आणि सूज महिनोन्महिने हटत नाही. केसलर आणि वोलोच या डॉक्टरांनी १९७२ साली हा आजार वेगळा म्हणून नोंदवला.

"पण झालं कशानं? माझं काय चुकलं?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, चुकलं काहीच नाही. नक्की कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. अंदाज आहेत. दूधवाहिनीला इजा होऊन दूध आजूबाजूला झिरपतं आणि शरीर त्यालाच परकं समजून लढतं, हा त्यातला जोरदार. कारण बहुतेकींना हा आजार बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत होतो. दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्यानेही होत असावा. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी किंवा पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीने ते वाढतं. काही जणींच्या पुवात कॉरिनिबॅक्टेरियम जातीचा, चरबीवर वाढणारा जंतू सापडतो. नेहमीच्या तपासणीत तो सहज हाती लागत नाही. धूम्रपान आणि गर्भनिरोधक गोळ्यांकडेही बोट दाखवतात, पण तिथे पुरावे एकमताचे नाहीत.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मग मी काय म्हणत होते?" दुधाचा संबंध असेलही, पण ते मी तोडल्यामुळे साचलं, असं कुणी डॉक्टर म्हणालेलं नाही. एवढं तिला पटवायला मला गोळ्यांच्या कोर्सइतकेच दिवस लागले.

गोळ्या स्टेरॉइडच्या. टीबी नाही याची खात्री झाल्यावरच त्या दिल्या, कारण टीबी लपलेला असेल तर स्टेरॉइडने तो भडकतो. म्हणून मैत्रिणींनो, गाठ औषधाने आठ-पंधरा दिवसांत हटली नाही, तर पुन्हा पुन्हा चिरा घेण्याआधी बायॉप्सीचं विचारा. काही जणींची सूज नुसती देखरेख ठेवूनही ओसरते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

सात महिन्यांनी जखमा मिटल्या. गोळ्यांनी माझे गाल चांगलेच फुगले होते. सासूबाईंनी निरखून पाहिलं, "दप्प आगीदी," म्हणाल्या, आणि पुन्हा मिठाचा डबा आणायला उठल्या.